वरचं निवळ

वरणाची पळी गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाला घासली की खरवडल्यासारखा एक आवाज होतो. कुंताबाईंच्या घरात तो आवाज रोज दोन वेळा होई, आणि तो कोणाच्या ताटासाठी झाला हे फक्त दोघींना कळे. एक स्वतः कुंताबाई, दुसरी त्यांची सून रिता. कुंताबाईंचा मुलगा अमर पन्नाशीला टेकला होता, पण त्याला तो आवाज कधी ऐकूच आला नव्हता. ज्याच्यासाठी भांड्याचं बूड खरवडलं जातं, त्याला ते ऐकण्याची गरज पडत नाही.

तुरीची डाळ शिजवून, घोटून थोडा वेळ तशीच ठेवली की सगळा जड भाग खाली बसतो आणि वर हळदीचं पिवळं पाणी तरंगतं. कुंताबाई घरच्या कारभारीण होत्या तेव्हा चुलीशी पाटावर बसून वाढत. नवऱ्याच्या आणि मुलाच्या ताटासाठी पळी सरळ तळाशी जाई, मनगटाला एक पीळ बसे आणि घट्ट पिवळा गोळा वर येई. रिताचं ताट आलं की पळी तिरकी होऊन वरच्या वर पाणी उचले. डाळ कमी पडत होती असं नाही. शेताच्या धुऱ्यावरची तूर दरवर्षी धान्याची ढोली भरून असायची. कुंताबाईंना ते तसं वाढायला आवडायचं, इतकंच.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा अमरनं एकदा विचारलं होतं. "आई, रिताचं वरण असं पातळ काहून दिसते वो?"

कुंताबाईंनी पळी खालीही ठेवली नव्हती. "अरे बाप्पा, खाली गाळ बसते. तुमा माणसाइच्या पोटाले चालते गाळ. तिले मी वरचं निवळ देते. नाजूक आहे ना ते!"

अमर हसला. आपली आई बायकोची किती काळजी घेते, हे त्यानं वरठीच्या स्टील कारखान्यात डबा खाताना मित्रांनाही सांगितलं. 'निवळ' हा शब्द तेव्हापासून घरात रुळला. रिताच्या ताटात भाताचा ढीग आणि त्यावर निवळ. भाताला कुंताबाईंनी कधी हात आखडला नाही. रिता तेवढ्यानं फुगत गेली. केस गळाले, नखं पांढरी पडली, पाण्याची बादली उचलली की धाप लागे. पण अंग मात्र सुटत गेलं. कुंताबाई दारात बसलेल्या बायकांना सांगत, "आमची सून म्हंजे धानाचं पोतं. हलवाले दोघं लागतात." बायका हसत. आत भांडी घासणाऱ्या रितालाही ते ऐकू जाई.

मुलगी झाली, प्रतिक्षा, तेव्हा रिताला दूध पुरेना. कुंताबाई म्हणाल्या, "एवढं अंग, अन् लेकराले थेंब नाही. खाते तं जाते कुठं?" शेजारच्या मंगलाबाईंनी तेव्हा भिंतीवरून जर्मनच्या वाटीत घट्ट वरण आणि दोन उकडलेली अंडी दिली होती. मंगलाबाईंचं घर बौद्धांचं. रितानं वाटी घेतली, तोच कुंताबाई मागून आल्या. वरण आणि अंडी नालीत गेली, आणि वाटी भिंतीपलीकडे जाऊन पडली. "त्याइच्या घरचं आपल्यात चालत नाही," एवढंच त्या म्हणाल्या. वाटीला कडेला एक पोचा पडला. रिताच्या पदराला अजून दुधाचा वास होता. ती आत जाऊन लेकराला घेऊन बसली.

पुढे कुंताबाईंचे यजमान गेले, प्रतिक्षा लग्न होऊन सासरी गेली, चूल गेली, गॅसचा ओटा आला. गंज ओट्यावर चढला आणि पळी आपोआप रिताच्या हाती गेली, कारण कुंताबाईंना आता उभं राहता येत नव्हतं. गुडघे गेले होते. वजन इतकं वाढलं होतं की न्हाणीघरात जायचं तरी दाराची चौकट धरून दम खावा लागे. दिवसभर त्या मधल्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून असत. तरी रिता त्यांचं ताट रीतसर वाढी. बूड घासल्याचा आवाज त्यांच्या ताटालाही होई. सून मुकाट आहे, म्हणजे विसरली आहे, अशी कुंताबाईंची समजूत होती.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, दोन्ही गुडघे बदलावे लागतील, पण आधी वजन उतरवा. आणि त्यांना आहारतज्ज्ञ रुचिता मॅडमच्या खोलीत पाठवलं. अमर औषधाच्या दुकानात रांगेत होता. आत दोघीच गेल्या.

"आजी, अंडी, मासे चालतात?" मॅडमनं विचारलं.

कुंताबाईंनी गळ्यातली तुळशीची माळ चाचपली. "सोडलं जी सारं. माळ घेतली ना."

"हरकत नाही. मग वरण घ्या, पण घट्ट. दही, चणे, सोयाबीनच्या वड्या. भात निम्मा करा. मात्र एक लक्षात ठेवा. नुसता भात कमी करून भागणार नाही. डाळ-दही पुरेसं पोटात गेलं नाही, तर चरबीबरोबर मांडीचं मांसही वितळतं. काट्याला त्यातला फरक कळत नाही. वजन उतरलेलं दिसेल, आणि पाय मात्र जातील."

कुंताबाईंनी मान हलवली. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. गुडघे झाले की पहिलं काम ओट्याशी उभं राहायचं. आपलं ताट आपण वाढून घ्यायचं. दुसऱ्याच्या हाताकडे बघत बसायची सवय त्यांना नव्हती.

तेवढ्यात रिता बोलली. "मॅडम, एक विचारू का जी?"

"विचारा ना."

"एखाद्या बाईले भात भरपूर भेटला, अन् वरणाचं नुसतं वरचं पाणी. वर्षानुवर्षं. तं तिचं काय होते?"

"वजन वाढतं आणि ताकद राहत नाही," मॅडम म्हणाल्या. "भूक भागल्यासारखी वाटत नाही, म्हणून ती आणखी भात खाते. केस जातात. लोकांना वाटतं, खाऊन खाऊन माजली. खरं तर ती उपाशी असते."

"बाळंतीण असली तं?"

"मग लेकराला जे दूध मिळतं, ते तिच्याच हाडामांसातून जातं. का हो, घरात आहे का असं कोणी?"

"नाही जी," रिता म्हणाली. "होती एक."

कुंताबाईंनी सुनेकडे पाहिलं. रिता समोरच्या भिंतीवरचं डाळींचं चित्र पाहत होती, शाळेतली मुलगी फळ्याकडे पाहते तसं. ऑटोमध्ये बसल्यावर तिनं सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आई, तुम्ही घाबरू नका जी. तुमच्या खाण्याचं सारं मी पाहते."

त्या दिवसापासून तिनं खरोखरच सारं पाहिलं.

भात निम्मा झाला, तो मॅडमनं सांगितलेलाच होता. मग रितानं घरात एक नवी रीत घातली. आधी आईचं ताट. "मोठं माणूस आहे, पहिली वाढणी त्याइची," ती अमरला म्हणाली. अमरला ते फार आवडलं. कुंताबाईंनाही पहिल्या दिवशी बरं वाटलं. गंज ओट्यावर शांत बसलेला होता, कोणी हात न लावलेला. रितानं झाकण काढलं, पळी घेतली. मधल्या खोलीत कुंताबाई कान देऊन बसल्या होत्या.

आवाज झाला नाही.

ताट समोर आलं. भाताची एक मूद आणि तिच्याभोवती स्वच्छ पिवळं पाणी. इतकं स्वच्छ की ताटाच्या बुडाशी कोरलेलं कुंताबाईंचं स्वतःचं नाव वाचता येत होतं.

"घ्या आई," रिता म्हणाली. "निवळ आहे."

मग आत अमरचं ताट झालं. बूड खरवडल्याचा आवाज आला, आणि मनगटाला जो पीळ बसला असेल तोही कुंताबाईंना न पाहता दिसला. तो त्यांचाच होता.

पुढे तसंच चालू राहिलं. मॅडमनं दही सांगितलं होतं. रितानं ते पाणी घालून घुसळलं आणि पेला भरून ताक दिलं. "दह्यानं कफ होते आईले." मॅडमनं चणे सांगितले होते, रिता ते रात्री भिजत घाली आणि सकाळी कुंताबाईंच्या हातात चण्याचं पाणी देई. चणे अमरच्या डब्यात जात. "पाण्यातच सारी ताकद उतरते म्हणतात ना," ती म्हणे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायका मान डोलावत, कारण त्यांच्याही आयांनी त्यांना तेच सांगितलेलं होतं. सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा कुंताबाईंना मिळे. वड्या चावत नाहीत ना आईला.

रिता कधी चढ्या आवाजात बोलली नाही. कधी ताट आपटलं नाही. एक वेळही उशीर केला नाही.

कुंताबाईंनी एकदा अमरला गाठलं. तो बूट घालून ड्यूटीवर निघाला होता. "मले पुरत नाही रे. भूक लागते."

"लागीनच ना आई. डॉक्टरनंच कमी खा म्हणलं. जरासं सोस," अमर बुटाची नाडी ओढत म्हणाला. "अन् पाह्य ना, किती उतरलं वजन! रिता तुझ्यासाठी किती करून राहिली. दुसऱ्या घरच्या सुना पाह्य."

वजन उतरत होतं हे खरंच होतं. गालाची हाडं वर आली. दंडाची कातडी झोळीसारखी लोंबायला लागली. भजनातल्या बायका भेटायला आल्या तेव्हा रिताचं तोंडभर कौतुक करून गेल्या. एक म्हणाली, "कुंताबाई, तुमी तं पोरीवानी दिसून राहिल्या! सूनबाईनं जादू केली बाई." कुंताबाई हसल्या. खुर्चीतून उठायला आधी त्यांना एका हाताचा आधार पुरे. आता दोन्ही हात टेकून तीन-चारदा जोर लावावा तेव्हा कुठं अंग वर येई. मांड्या आपल्या नाहीत, कोणीतरी खुर्चीवर ठेवलेल्या ओल्या गोणपाटाच्या घड्या आहेत, असं त्यांना वाटे.

एका दुपारी रिता पिठाच्या गिरणीवर गेलेली पाहून त्या भिंत धरून, खुर्ची पुढे ढकलत स्वयंपाकघरापर्यंत पोचल्या. गंजाचं झाकण काढलं. गंज घासून पालथा घालून वाळवलेला असावा तसा लख्ख होता. रिता नेमकं शिजवी. खालचं अमरच्या डब्यात जाई, राहिलेलं ती स्वतः खाई. लपवलेलं काही नव्हतं, कुलूप नव्हतं. तिथंच ओट्याला टेकून कुंताबाईंनी मागच्या खिडकीतून हाक मारली.

"मंगला! वो मंगलाबाई!"

मंगलाबाई अंगणात वाळवण उलटत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि पदरानं डोळ्यावर सावली केली. "कोण? कुंताबाई? काय झालं जी?"

"जरासं वरण आहे का तुझ्या घरी? घट्ट?"

मंगलाबाई वाळवण सोडून भिंतीजवळ आल्या. मग म्हणाल्या, "खासान काय आमच्या घरचं?"

"खाईन."

"माळ बाटणार नाही ना?"

"देतेस का सांग ना बाई," कुंताबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

मंगलाबाई आत गेल्या. आल्या तेव्हा त्यांच्या हातात जर्मनची वाटी होती. कडेला पोचा. वाटी काठोकाठ भरलेली, वर लसणाची फोडणी, इतकं घट्ट की चमचा उभा राहावा. त्यांनी ती भिंतीवर ठेवली. "घ्या. टाकू नका या वेळी."

खिडकीपासून भिंत चार हातांवर होती. मधे मागचं दार, एक पायरी, आणि मग अंगण. कुंताबाईंनी दाराची कडी काढली, चौकट धरली. पायरीवर पाऊल टाकण्यासाठी उजवा पाय उचलला, आणि तो उचललाच गेला नाही. वरणाचा वास येत होता. त्या तशाच चौकट धरून उभ्या राहिल्या. मंगलाबाई पलीकडून म्हणाल्या, "थांबा, मी येऊन देते," पण तेवढ्यात पुढचं दार वाजलं आणि रिता पिठाचा डबा घेऊन आत आली.

तिनं चौकटीतल्या सासूकडे पाहिलं, भिंतीवरच्या वाटीकडे पाहिलं. डबा खाली ठेवला, अंगणात गेली आणि वाटी उचलली. कडेच्या पोच्यावरून अंगठा फिरवला.

"मंगलामावशी, हे कोणासाठी जी?"

"तुझ्या सासूनं मांगतलं माय."

"त्याइच्यात चालत नाही ना," रिता म्हणाली. "पण वाया काहून घालवाचं?"

आणि ती तिथंच, भिंतीशी उभी राहून, बोटांनी ते वरण खायला लागली. घाई न करता. वाटीच्या कडा बोटानं निपटून घेतल्या. कुंताबाई चौकटीतून पाहत होत्या. त्यांना खालीही बसता येत नव्हतं. वाटी रिकामी झाल्यावर रितानं ती अंगणातल्या नळावर धुतली, पुसली आणि दोन्ही हातांनी मंगलाबाईंना परत दिली.

"लई दिवसाचं राहिलं होतं मावशी," ती म्हणाली.

मंगलाबाईंनी एकदा रिताकडे आणि एकदा कुंताबाईंकडे पाहिलं. मग त्या वाळवण उलटायला गेल्या. परत कधी त्यांनी त्या खिडकीच्या हाकेला ओ दिली नाही.

डॉक्टरांनी बोलावलेल्या दिवशी अमरनं सुट्टी काढली. काट्यावर आकडा पाहून तो मुलासारखा खूश झाला. जेवढं सांगितलं होतं त्याहून खाली आलं होतं. डॉक्टरही म्हणाले, "वा आजी! कमाल केली तुम्ही. आता एक करा. दोन्ही हात छातीवर बांधा, आणि खुर्चीतून उठून दाखवा."

कुंताबाईंनी हात बांधले. पुढे झुकल्या. मान ताणली गेली, ओठ आवळले गेले, माळेचे मणी हनुवटीला लागले. बाकी काही हललं नाही.

"पुन्हा."

पुन्हा तेच. डॉक्टरांनी लुगड्यावरूनच मांडी दाबून पाहिली. त्यांची बोटं सरळ हाडापाशी गेली. त्यांनी अमरकडे पाहिलं. "मांडीत काही उरलंच नाही. गुडघा मी नवा बसवीन हो, पण तो उचलणार कोण?"

"पण सर, वजन तं..."

"वजन गेलं. काय गेलं ते पाहा ना. चरबीपेक्षा मांसच जास्त गेलंय. डाळ-दही पोटभर देता का घरी?"

"देतो ना सर!" अमर म्हणाला. "रोज वरण. मी स्वतः खातो ते, चांगलं घट्ट असते."

"पहिली वाढणी आईचीच असते जी," रिता म्हणाली.

डॉक्टर वाकले. "आजी, तुम्ही सांगा. काय खाता? नीट वाढतात ना?"

खोलीत पंखा फिरत होता. कुंताबाईंनी तोंड उघडलं. मले वरचं वाढते, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. पण मग वरचं म्हणजे काय, हे सांगावं लागलं असतं. खाली गाळ नसतो हे सांगावं लागलं असतं. आणि अमर इथंच उभा होता, सारं ऐकत, ज्याला ते एकदा हसत हसत सांगितलेलं होतं.

"सांगा ना आई," रिता मऊ आवाजात म्हणाली. तिनं सासूच्या खांद्यावरचा पदर सारखा केला. "सरले सारं सांगा. लाजू नका."

"देते," कुंताबाई म्हणाल्या. "पोटभर देते."

"मग अंगी लागत नसेल," डॉक्टर म्हणाले. "या अवस्थेत मी हात लावणार नाही. आधी ताकद येऊ द्या. या वयात गेलेलं परत येणं अवघड असतं, तेही सांगून ठेवतो." आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

 घरी आल्यावर आईला दोघांनी उचलून खुर्चीवर बसवलं. अमर बराच वेळ तिच्या पायांशी बसून राहिला, तिच्या पिंढऱ्या दाबत. मग एकाएकी उठला.

"आजपासून आईले मी वाढीन," तो म्हणाला. "रिता, तू सरक. तू करतच आहे सारं, पण आता माझ्या हातानं खाऊ घालीन मी तिले."

"वाढा ना," रिता म्हणाली आणि ओट्यापासून बाजूला झाली.

अमरनं उभ्या जन्मात कोणाला वाढलं नव्हतं. त्यानं गंजाचं झाकण काढलं, चटका बसला म्हणून बोट तोंडात घातलं, पळी शोधली. कुंताबाईंनी श्वास धरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पोराचा हात जड आहे, पळी खाली जाईलच, त्या मनात म्हणत होत्या.

आवाज झाला नाही. पळी वरच्या वर अलगद फिरली, एकदा, दोनदा, तीनदा. अमर ताट सांभाळत आला आणि त्यानं ते आईच्या मांडीवर ठेवलं. भाताची मूद पिवळ्या पाण्यात तरंगत होती.

"ढवळून... ढवळून वाढ ना रे," कुंताबाई म्हणाल्या.

"ढवळलं तं गाळ वर येईन ना आई," अमर तिला समजावत म्हणाला. "तूच तं सांगत होती. मी मुद्दाम बुडाले धक्का नाही लागू दिला. सारं निवळ तुलेच काढलं. पाह्य, किती साफ आहे!"

कुंताबाईंनी दाराकडे पाहिलं. रिता चौकटीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. ती हसत नव्हती. आता सासू काय म्हणते, याची ती फक्त वाट पाहत होती.

"हो," कुंताबाई म्हणाल्या. "साफ आहे."

अमरनं घास कालवला. पाणी बोटांतून निसटून जात होतं, तरी त्यानं तो आईच्या तोंडापर्यंत नेला. त्यांनी तोंड उघडलं. एकेक घास भरवत त्यानं ताट संपवलं, शेवटचं पाणीही ताट तिरकं करून पाजलं, आणि तिचं तोंड पुसलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आईची सेवा हातून झाली याचं.

मग तो हात धुऊन स्वतःच्या ताटावर बसला. रितानं पळी घेतली, आणि गंजाच्या बुडाला आवाज झाला.